उसने कवच

"पाय पुढे कर," मावशी म्हणाली, आणि सव्वीस वर्षांच्या रेवतीने शाळेला निघालेल्या मुलीसारखा पाय पुढे केला.

मावशीने तिच्या पोटरीभोवती नडगीपट्टी मिटवली, खटका लावला आणि दुसरा पाय हातात घेतला. ओठांतल्या ओठांत तिचे रोजचे कवचस्तोत्र चालू होते. चंद्रावर येऊन दोनशे चौदा दिवस झाले, पण ते म्हटल्याशिवाय तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. इथे ध्रुवाशी सूर्य क्षितिजावरून नुसता फिरत राहतो, मावळत नाही. म्हणून ती नाशिकचे घड्याळ लावून नेम सांभाळायची. भिंतीवरचा आकडा मात्र कुणासाठी थांबत नव्हता. 'अरुंधती' तळावर उरलेला प्राणवायू: एक तास एकोणचाळीस मिनिटे.

"वैजयंतीताई," रेडिओवर हणमंतराव केंजळ्यांचा आवाज आला, "तुमचं स्तोत्र डोक्यापासनं सुरू होतं आणि माझं कवच पायापासनं. रोज दोघांची गाठ पोटाशीच पडत असणार बघा."

"पडू दे की. गाठ पडली म्हणजे झालं," मावशी हळूच म्हणाली.

रेवतीला हसू आले नाही. केंजळेकाका विनोद करायला लागले की परिस्थिती वाईट असते, एवढे तिला सात महिन्यांत कळले होते.

चार दिवसांपूर्वी चंद्र एका फुटलेल्या धूमकेतूच्या ढिगाऱ्यात शिरला होता. चंद्रावर हवा नाही, त्यामुळे पडणारा दगड वाटेत जळत नाही की मंदावत नाही. तो जमिनीवर आपटतो आणि खडकाचे कपचे गोळीच्या वेगाने चहूकडे सुटतात. एरवी महिन्याला आठदहा कपचे यायचे, आता तासाला शेकडो येत होते. काल त्यांनी प्राणवायूच्या टाक्यांची चाळण केली. टाक्यांना ठिगळ लावायला खडकांची अभ्यासक रेवती पाटणकर एकटीच बाहेर गेली, कारण तळाची जीवनयंत्रणा सांभाळणाऱ्या तिच्या मावशीला, डॉ. वैजयंती उपासनींना, आतला हवेचा दाब सांभाळणे सोडून हलता येईना. एक कपचा रेवतीच्या खांद्यात घुसला. रेवती वाचली, पण तिचे कवच गेले.

आता वाट एकच होती. नऊशे मीटरवर उड्डाणयान उभे होते आणि त्यात केंजळे बसून होते. तिथवर चालायचे आणि वर कक्षेत फिरणाऱ्या 'वसिष्ठ' स्थानकावर जायचे. कवचे दोन होती. एक मावशीचे. दुसरे सुटे, अजून कुणी न घातलेले, कोरे.

मावशी आपले कवच रेवतीला चढवत होती.

"मला नकोय," रेवती पाचव्यांदा म्हणाली. "कोरं मी घालते. तुझं तू घाल."

"हात वर कर."

"मावशी!"

"तुझ्या आईने, कुसुमताईने, तुला इतक्या लांब सोडलं ते मी आहे म्हणून. तिला मी काय तोंड दाखवू? हात वर कर बाळा, वेळ जातोय."

"ताई, पोरीचं ऐका जरा," केंजळे म्हणाले. हे कवच त्यांनीच घडवले होते. "हा पत्र्याचा डबा नाही, की ज्याला आत घातलं तो सुरक्षित. कपचा शंभर मीटरवर असतो तेव्हा कवचाचं रडार त्याला बघतं. हातात उरतो सेकंदाचा दहावा हिस्सा. अंगावर खवले चौदाशे. ते सगळीकडे सारखे पसरले तर थर इतका पातळ, की मोहरीएवढा कपचासुद्धा आरपार जाईल. म्हणून जिथे मार बसणार तिथे खवले धावून गोळा होतात. आणि जिथून धावले ती जागा तेवढा वेळ उघडी."

"हे पाठ आहे मला, हणमंतराव."

"मग पुढचंही पाठ असेल. कपचा येताना दिसला की कवच कातडीला टिचकी मारतं. माणूस दचकतो. दचकून कोण कुठं वळतो, काय झाकतो, काय उघडं टाकतो, हे ज्याचं त्याचं असतं. एक जण तोंडावर हात घेतो, दुसरा पोटाशी मुटकुळं करतो. तुम्ही दचकायच्या आत तुम्ही कशा दचकणार हे कवचाला ठाऊक असतं, म्हणून खवले वेळेत पोचतात, सांध्यांतली यंत्रं तुमचं अंग वळवतात. त्यातला दचकलेख सात महिन्यांचा आहे, आणि तो तुमचा आहे. रेवतीचा नाही."

"त्याच दचकलेखाने मला एकसष्ट कपच्यांतून वाचवलं. कोऱ्याने कुणाला वाचवलंय, सांगा."

कोऱ्या कवचाला माणसाची ओळख पटेपर्यंत ते खवले पातळ पसरून ठेवते, हे केंजळ्यांइतके कुणाला माहीत होते?

ते मूळचे धातूंचे अभ्यासक, पण जीव जडला होता प्राचीन ग्रीक वीरकाव्यांवर. योद्धा आधी नडग्या झाकतो, मग छातीवर कांस्याचे उरस्त्राण चढवतो आणि घोड्याच्या केसांचा तुरा लावलेला टोप अगदी शेवटी डोक्यावर ठेवतो, हे ते श्रावणातल्या कहाण्या सांगाव्यात तसे रंगवून सांगत. कवच चढवायचा क्रम त्यांनी तिथूनच उचलला होता. टोपावरच्या खवल्यांची मांडणीसुद्धा. रानडुकराच्या सुळ्यांच्या चकत्या, एक ओळ उजवीकडे वळलेली, तिच्यावरची डावीकडे. असा टोप त्या काव्यात एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहतो.

"त्या काव्यातला सगळ्यात मोठा वीर आपलं कवच जिवलग मित्राला घालायला देतो," ते आता म्हणाले. "शत्रू फसतो. त्याला वाटतं, तोच आला. पण कवच मित्राला वाचवत नाही, ताई."

"त्यात देवाने मागून येऊन त्याचा टोप पाडला होता. तुम्हीच सांगितलंत." मावशीने रेवतीच्या मानेशी शेवटचा खटका लावला. "माझा देव असं करायचा नाही."

"बरं, निदान चाचणी घ्या."

चाचणी घेतली. कोठडी एका माणसाच्या मापाची होती. कवच एकेकाचे, चाचणीही एकेकाची, हा केंजळ्यांचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. भिंतीतून चहूबाजूंनी रबरी गोळ्या सुटल्या. चाळीस सुटल्या, चाळीस अडल्या. रेवतीला आत विचित्र वाटत होते. रस्ता ओलांडताना मावशी दंड धरून बाजूला घ्यायची, तसे कुणीतरी तिला हलक्या हाताने वळवत होते.

"चाळीसपैकी चाळीस," केंजळे म्हणाले. त्यांच्या आवाजातून ओझे उतरल्यासारखे वाटले. "निघा आता. थांबू नका कुठं."

मावशीने कोरे कवच घातले, दोघींच्या कमरांना दोन मीटरची दोरी अडकवली आणि दार उघडले.

बाहेर काहीच ऐकू येत नव्हते. राखेच्या रंगाची जमीन मध्येच कुठेतरी उकळल्यासारखी उसळायची, धुळीचा सरळ पंखा उभा राहायचा आणि तळव्यांना नुसता एक हादरा कळायचा. मावशी डावीकडे, रेवती उजवीकडे. नेहमी असेच चालायच्या त्या.

दीडशे मीटरवर टिचकी बसली. रेवतीचा डावा हात तिने न उचलता उचलला गेला आणि मावशीच्या छातीवर आडवा पडला. मावशी धडपडली.

"काय गं, ढकलतेस काय?"

"मी नाही! हात आपोआप गेला." रेवतीच्या मनगटावर ठणका लागला होता. तिथे खवल्यांचा जाड गोळा जमला होता आणि त्यात बोराएवढा कपचा रुतला होता.

"अडला ना?" केंजळ्यांनी विचारले.

"अडला. चला," मावशी म्हणाली.

तीनशे मीटरवर दोन टिचक्या एकदम बसल्या. एक डावीकडून, एक मागून. कवचाने रेवतीला गर्रकन वळवले, दोन्ही हात पसरून मावशीला कवेत घ्यायला लावले, आणि तिच्या पाठीवरून, कमरेवरून, मांड्यांवरून खवले सरसरत हातांकडे धावले. तिला ते धावणे कातडीवर जाणवले. पुढच्याच क्षणी कमरेत तापलेली सळई घुसावी तशी कळ गेली. कानात हवेचा फुस्स आवाज सुरू झाला. आतल्या डिंकाने भोक बुजवले तेव्हा तो थांबला.

"थांबा! दोघी आहात तिथे थांबा!" केंजळे ओरडले. मग रेडिओवर भराभर कळा दाबल्याची टकटक आली. "ताई, तुमच्या दचकलेखात नऊ नोंदी अशा होत्या, की खवले अंगाच्या बाहेरच्या बाजूला धावले. तिथे तुमचं काहीच नव्हतं. मी यंत्राची चूक म्हणून त्या खोडल्या. आत्ता तारखा बघतोय. नऊच्या नऊ वेळा तुमच्या शेजारी रेवती होती."

रेवतीला आठवण शोधावी लागली नाही. रिक्षाचा ब्रेक लागला की मावशीचा हात तिच्या छातीवर आडवा यायचा. मावशीचा स्वतःचा कपाळमोक्ष झाला असता तरी हात यायचाच.

"म्हणजे ते नऊ कपचे माझे होते," ती म्हणाली.

"तुझे होते," केंजळे म्हणाले. "तुझ्या कवचाला ते कधी झेलावेच लागले नाहीत, म्हणून ते शिकलंच नाही. काल तू पहिल्यांदा एकटी बाहेर गेलीस, आणि पहिलाच कपचा आत शिरला."

मावशीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

"ताई, दोष कुणाचाच नाही. असला तर एकेकाची चाचणी घेणाऱ्या माझा आहे. पण आता ऐका. शेजारी कुणी असलं की ते कवच आधी त्याला वाचवणार. घालणाऱ्याला नंतर."

"किती लांब गेलं की सोडून देतं?" मावशीने विचारले. तिचा हात दोरीच्या खटक्यावर गेलाच होता.

"पंधरा मीटर."

दोरी सुटून धुळीत पडली. मावशी मागे सरकू लागली. रेवती तिच्याकडे एक पाऊल गेली.

"येऊ नकोस."

"तुझं कवच कोरं आहे. मी तुला इथे टाकून जाऊ?"

"तू पुढे हो. मी येते मागून."

"मी नाही जाणार."

"रेवती!" मावशीचा वर चढलेला आवाज रेवतीने जन्मात ऐकला नव्हता. "माझ्याजवळ उभी राहिलीस तर मीच तुला मारतेय, कळत नाही का? माझ्या हातांनी मारतेय! चालती हो इथून!"

रेवती वळली. कमरेतल्या कळेने तोंडातून शब्द फुटत नव्हता. ती चालू लागली, मग त्या हलक्या गुरुत्वात उड्या घेत पळू लागली. मागे अंतर पडले तसे अंगावरचे कवच बदलले. टिचकी बसायची, कुणीतरी खांदा धरून वळवायचे, खवले धावून यायचे, आणि कपचा बाहेरच्या बाहेर थिजायचा. असे अकरा वेळा झाले. सात महिने मावशीला जसे जपले, तसे ते आता तिला जपत होते.

केंजळ्यांनी तिला यानात ओढून घेतले आणि दार लावले. तिने टोप काढला आणि आधी पडद्याकडे पाहिले. पडद्यावर मावशीच्या कवचाची आकृती होती. प्रत्येक खवल्यासाठी एक ठिपका. पोट, छाती, पसरलेले हात ठिपक्यांनी पांढरेशुभ्र झाले होते. पाठीवर एकही ठिपका नव्हता.

"हे काय?"

"कोरं कवच भराभर शिकतं," केंजळे म्हणाले. दाढीचे खुंट वाढलेला त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "त्याला काय कळतं? माणूस कुठं झेपावतो तेवढं कळतं. ताई मागून येताना तुझ्यावर येणाऱ्या प्रत्येक कपच्याला दचकत होत्या. बावीस दचके झाले, सगळे तुझ्या दिशेने. ते तेवढंच शिकलं."

त्यांचे वाक्य पुरे होते न होते तोच पडद्यावरची आकृती गुडघ्यात मोडली. कपचा मागून आला होता. यानापासून दोनशे दहा मीटरवर मावशी धुळीत आडवी झाली.

"गळती थांबली," तिचा धापा टाकणारा आवाज आला. "पाय तेवढा उचलत नाही. रेवती पोचली का?"

रेवतीने टोप उचलला. केंजळ्यांनी तो धरून ठेवला.

"सोडा काका."

"तू तिच्या पंधरा मीटरच्या आत गेलीस की तुझं कवच तिला झाकणार आणि तुला उघडी टाकणार. तिचं तुला झाकणार, तिला उघडी टाकणार. दोघी एकमेकींवर खवले उधळाल आणि दोघींच्या पाठी मोकळ्या."

"मग तुम्ही जा!"

"माझं कवच वर 'वसिष्ठ'वर दुरुस्तीला उघडून ठेवलंय. अंगात आहे तो यानातला साधा सूट. मी चाळीस पावलं जाईन, मग तुला दोघं उचलायचे." त्यांनी डोळे पुसले. "ऐक. या यानाचा पत्रा तासाभरापेक्षा जास्त टिकणार नाही. पण वर जाड पत्र्याचं मालवाहू यान आहे, ते या माऱ्यात ताईंच्या अगदी शेजारी उतरू शकतं, आणि ते उडवणारा मी एकटाच. जाऊन परत यायला दोन तास चाळीस मिनिटं. ताईंकडे हवा आहे तीन तास दहा मिनिटांची."

"आणि तोवर तिची पाठ अशी?"

रेवतीने रेडिओचे बटण दाबले.

"मावशी, मी आत आहे. ठीक आहे. आता तू स्वतःचं बघ. स्वतःसाठी घाबर जरा!"

"हो गं बाळा. तुझ्या कमरेचं काय? रक्त थांबलं?"

पडद्यावर मावशीच्या कुशीतले उरलेसुरले ठिपके हलले आणि यानाच्या बाजूला वाहून गेले.

"थांबलं. मावशी, तू नाही घाबरलीस तर मी बाहेर येईन. खरंच येईन!"

"नको, नको गं!"

टोपाची मागची बाजू काळी झाली. केंजळ्यांनी रेवतीचा हात बटणावरून ओढून काढला.

"बोलू नकोस! तुझा आवाज ऐकला की ती तुझ्याकडे झेपावते. एकेका शब्दाने तिचं अंग उघडं पडतंय, बघ तरी!"

रेवतीने पाहिले. मग तिने तोंड मिटले.

"हणमंतराव," मावशी म्हणाली, "तिला घेऊन जा. आधी तिला न्या, मग माझं काय ते बघा."

यान उडाले. वर जाताना रेवती पडद्यावरून नजर काढत नव्हती. मावशी आता उताणी पडली होती आणि तिचे सगळे खवले छातीवर, चेहऱ्यावर, वर केलेल्या तळव्यांवर जमले होते. ती आकाशाकडे, वर जाणाऱ्या यानाकडे दचकत होती. कपचे मात्र जमिनीलगत, दोन्ही कुशींकडून येत होते. एक दंडाला चाटून गेला. एक टोपाखालून.

'वसिष्ठ'वर पोचल्याबरोबर केंजळे मालवाहू यानाकडे धावले. स्थानकावरच्या डॉक्टरांनी रेवतीच्या कमरेला पट्टी बांधली, पण ती उठून त्यांच्या मागे दारापर्यंत गेली.

"मी येते. उचलायला दोघं लागतील."

केंजळ्यांनी फक्त तिच्याकडे पाहिले. तिने उंबऱ्यातच पाऊल थांबवले. तिला खाली उतरताना मावशी बघेल. बघून काय करेल, हे तिला आता कुणी सांगायला नको होते.

तेवढ्यात भिंतीवरच्या रेडिओतून आवाज आला. तो थकलेला होता, पण नेहमीसारखाच हळू.

"हणमंतराव, पोचलात? रेवती कुठंय? बोलत का नाही ती? तिला काही झालं का?"

पडद्यावर खवले सैरावैरा झाले. कूस, मान, मांड्या, सगळे काळे पडत चालले. गप्प राहूनही मावशी उघडी पडत होती आणि बोलूनही पडत होती. रेवतीने दोन्ही हात जोडून केंजळ्यांकडे पाहिले. हात का जोडले, हे तिचे तिलाच कळले नाही.

केंजळे रेडिओशी गेले. घसा साफ केला.

"पोचलो, ताई. डॉक्टरांनी जखम बघितली. वरवरची आहे. औषध दिलं आणि झोपली बघा ती."

"झोपली?"

"गाढ. घोरतेय."

"घोरतेच ती. लहानपणापासून. अंगावर काही घातलंत का?"

"घातलं."

"बरं केलंत. दमली होती हो पोर."

पडद्यावर एक ठिपका हलला. छातीवरून निघून डाव्या कुशीत जाऊन बसला. त्याच्यामागून दुसरा, मग दहा, मग ओळीच्या ओळी. काळी पाठ भरली. मान भरली. टोपाची मागची बाजू भरली. डावीकडून एक कपचा आला. मावशी दचकली, पोटाशी पाय घेऊन स्वतःभोवती मिटली, आणि खवले तिच्याआधी तिथे पोचले.

केंजळ्यांनी घड्याळाकडे बोट दाखवले, रेवतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि यानाकडे गेले. जाताना त्यांच्या बुटाची टाच लोखंडी उंबऱ्यावर आपटली. रेडिओ चालू होता. आवाज खाली गेला.

"हळू, हणमंतराव," मावशी कुजबुजली. "तिची झोप फार सावध असते."

रेवतीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले.